आयडी फॅन हादरतोय? मीटरआधी ब्लेड बघा

आयडी (इंड्यूस्ड ड्राफ्ट) फॅन म्हणजे बॉयलरमधला जळलेला गॅस ओढून चिमणीकडे ढकलणारा पंखा. त्याच्यावर लावलेला, हादरे मोजणारा व्हायब्रेशन मीटर ब्लेड किती झिजलंय ते सांगत नाही. ब्लेडांमध्ये आपापसात किती फरक पडलाय, एवढंच तो सांगतो. इंपेलरवरची (फॅनच्या फिरत्या चाकावरची) बाराही ब्लेडं सारखी झिजली, तर पत्रा धोकादायक पातळ होईपर्यंत रीडिंग शांत राहू शकतं. उलट ठणठणीत इंपेलरच्या एकाच ब्लेडमागे ओंजळभर राख घट्ट बसली, तर फॅन गडगडायला लागतो. या कामात नव्यानं आलेले फिटर, शिफ्ट इंजिनिअर आणि ॲप्रेंटिस यांना मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. रीडिंग वाढलं की वजन लावून तोल साधायची, म्हणजे बॅलन्सिंग उरकायची घाई फार ठिकाणी होते. मीटर गप्प होतो आणि तुटायला आलेलं ब्लेड आत तसंच फिरत राहतं.

उदाहरणासाठी साखर कारखान्यातल्या, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरचा आयडी फॅन घेतो. महाराष्ट्रात गळीत हंगामात हा फॅन रात्रंदिवस चालतो. तो बंद पडला तर बॉयलर बंद, आणि बॉयलर बंद म्हणजे मिलपासून पॅनपर्यंत सगळंच थांबतं. औष्णिक वीज केंद्रात किंवा सिमेंटच्या कारखान्यात काम करत असाल तरी पद्धत हीच, फक्त राखेचा स्वभाव वेगळा.

आधी बलाचा हिशोब

एवढंसं वजन इतकं मोठं मशीन कसं हलवतं, हे आकड्यात पाहिल्याशिवाय पटत नाही. असमतोल वजनामुळे तयार होणारं बल म्हणजे वजन गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. फॅन ९९० आरपीएमवर फिरतोय, शाफ्टच्या मध्यापासून १ मीटरवर ब्लेडचा १०० ग्रॅमचा तुकडा उडाला, असं धरा. बेअरिंगवर सुमारे १०७५ न्यूटन, म्हणजे जवळपास ११० किलो वजनाइतका धक्का येतो. तो सेकंदाला साडेसोळा वेळा दिशा बदलत फिरतो. हाच फॅन १४८५ आरपीएमवर चालत असता तर वेग दीडपट, पण धक्का सव्वादोन पट झाला असता, जवळपास २४७ किलो.

आता दुसरा आकडा. साध्या औद्योगिक फॅनसाठी बॅलन्सिंगचा जी ६.३ हा दर्जा वापरतात. रोटर १५०० किलोचा असेल आणि वेग ९९० आरपीएम असेल, तर या दर्जानुसार चालणारा एकूण असमतोल १ मीटर त्रिज्येवर साधारण ९१ ग्रॅम येतो. दीड टनाच्या रोटरला शंभर ग्रॅमसुद्धा जास्त होतात. ब्लेड झिजू नये म्हणून त्यावर बसवलेल्या लायनरचं एक छोटं पान गळालं तरी इतकं वजन जातं.

पायरी १: फॅन चांगला असताना रीडिंग घ्या

हंगाम सुरू झाल्यावर, फॅन पूर्ण लोडवर आणि गरम झाल्यावर पहिली नोंद घ्यायची. मोटारची दोन बेअरिंग, फॅनची दोन बेअरिंग आणि प्रत्येकावर तीन दिशा: आडवी, उभी आणि शाफ्टच्या रेषेत. सेन्सर जिथं टेकवता ती जागा पत्र्याच्या कव्हरवर नको, बेअरिंग हाउसिंगच्या भरीव भागावर हवी. तिथला रंग खरवडून टाका आणि पेंटनं ठिपका करा. दर वेळी त्याच ठिपक्यावर सेन्सर लावायचा. दोन माणसांनी दोन जागी घेतलेल्या रीडिंगची तुलना करून काहीच हाती लागत नाही.

रीडिंगसोबत वेग, डॅम्परची (गॅसची वाट कमी-जास्त करणारी झडप) किंवा व्हीएफडीची (मोटारचा वेग बदलणारं उपकरण) स्थिती, मोटारचे अँपिअर आणि गॅसचं तापमान लिहा. आता बहुतेक फॅन व्हीएफडीवर आहेत, त्यामुळे काल ९२० आरपीएमवर घेतलेलं रीडिंग आज ९८०वरच्या रीडिंगशी जोडून बघण्यात अर्थ नाही. तुलना करायची तर वेग सारखा ठेवून.

किती रीडिंग चालेल? आयएसओ १०८१६-३ या मानकात (आता ते २०८१६-३ मध्ये सामावलंय) १५ ते ३०० किलोवॉटच्या, पक्क्या पायावर बसवलेल्या मशीनसाठी हद्दी १.४, २.८ आणि ४.५ मिमी प्रति सेकंद अशा आहेत. ३०० किलोवॉटच्या वरच्या, लवचीक पायावरच्या मशीनसाठी त्या ३.५, ७.१ आणि ११ आहेत. पहिल्या हद्दीच्या आत मशीन नव्यासारखं, दुसरीपर्यंत बिनधास्त चालवा, तिसरीपर्यंत दुरुस्तीची संधी मिळेपर्यंतच चालवा, आणि त्यापुढे मशीनचं नुकसान ठरलेलं. माझ्या मते या आकड्यांपेक्षा तुमच्या फॅनची स्वतःची पहिली नोंद जास्त मोलाची आहे. नेहमी २ वर चालणारा फॅन एका शिफ्टमध्ये ४ वर गेला, तर हद्द ओलांडलेली नसली तरी आत काहीतरी घडलंय.

पायरी २: वाढ कशी झाली ते बघा

ब्लेडच्या नुकसानाचा प्रकार बराचसा इथंच कळतो, फॅन न उघडता.

रीडिंग आठवड्यांच्या हिशोबानं हळूहळू चढत असेल, तर झीज किंवा राखेचा थर. बगॅसच्या राखेत सिलिका असते आणि उसाबरोबर शेतातली माती-वाळूही बॉयलरमध्ये जाते. पावसात तोडलेला, मातीनं माखलेला ऊस गाळला की ती जास्त जाते. डस्ट कलेक्टर नीट चालत नसेल तर हे सगळं थेट इंपेलरवर येऊन आदळतं. गॅस आत शिरताना वळतो, जड कण मात्र वळत नाहीत. ते सरळ जाऊन ब्लेडच्या आतल्या कडेला आणि ब्लेड जिथं बॅकप्लेटला (इंपेलरच्या मागच्या तबकडीला) वेल्ड केलंय त्या कोपऱ्यात घासतात. झीज तिथं आधी शोधायची.

रीडिंग एका क्षणात उडी मारून वर गेलं आणि तिथंच राहिलं, तर काहीतरी सुटलं: लायनर, बॅलन्सिंगचं जुनं वजन, ब्लेडचा तुकडा किंवा राखेचं ढेकूळ. यातलं ढेकूळ एकच निरुपद्रवी. पण कंट्रोल रूममध्ये बसून ते ढेकूळच आहे असं मानायचं नाही. अशी उडी दिसली की लोड कमी करून फॅन थांबवायची तयारी करा. जे सुटलंय त्याच्या शेजारचं पुढच्या तासाभरात सुटू शकतं.

रीडिंग खाली-वर होत असेल, प्रत्येक वेळी फॅन सुरू केल्यावर वेगळं येत असेल, तर राख सुटते आणि पुन्हा बसते आहे. मागे वळलेल्या ब्लेडांच्या फॅनमध्ये राख ब्लेडच्या मागच्या बाजूला जमते, कारण तिथं गॅसचा जोर लागत नाही. वेट स्क्रबरचा (पाण्यानं गॅस धुणारं उपकरण) ओलावा फॅनपर्यंत येत असेल तर हा थर घट्ट बसतो आणि पापुद्र्यासारखा अचानक निघतो. पोकळ, एअरोफॉइल आकाराची ब्लेडं असतील तर आणखी एक खोड असते. पत्र्याला झिजून टाचणीएवढं भोक पडतं, त्यातून राख आत शिरते आणि पोकळीत साचते. फॅन थांबला की ती खाली सरकते, सुरू केल्यावर पुन्हा वेगळ्या जागी बसते. असा फॅन कितीही वेळा बॅलन्स करा, दुसऱ्या दिवशी बिघडलेलाच सापडेल. भोक शोधून, राख काढून ते बंद करणं हाच उपाय.

रीडिंग लोडनुसार बदलत असेल, वेग तोच असताना डॅम्पर उघडल्या-मिटल्यावर चढ-उतार होत असेल, तर नुसतं वजन नव्हे, गॅसचा प्रवाहही त्यात आहे. वाकलेलं ब्लेड हे याचं एक कारण. बेलोजचा (डक्टच्या लवचीक जोडाचा) तुकडा, सुटलेला बोल्ट किंवा डॅम्परचं पान आत ओढलं जाऊन ब्लेडवर आदळलं, की ब्लेडचं वजन फारसं कमी होत नाही, पण त्याचा कोन बदलतो.

पायरी ३: ॲनालायझर असेल तर तीन जागा बघा

नुसता ओव्हरऑल आकडा दाखवणारा पेन मीटर असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती हादरा आहे ते दाखवणारा आलेख, दिसत असेल तर ९९० आरपीएमच्या आपल्या फॅनमध्ये या जागा तपासा.

१६.५ हर्ट्झ म्हणजे शाफ्टच्या एका फेरीची वारंवारता, तिला सगळे वन एक्स म्हणतात. असमतोल इथंच दिसतो. ब्लेडचा तुकडा जाणं, राख चिकटणं, एका बाजूची झीज, सगळ्यांची शिखरं याच जागी, एकमेकांसारखीच. वन एक्स वाढलाय म्हणजे ब्लेड खराब आहे असंही नाही. वाकलेला शाफ्ट, ढिला पाया, अनुनाद (रेझोनन्स) यांचंही शिखर इथंच येतं.

३३, ४९.५ आणि त्यापुढच्या पटींची शिखरं रांगेनं दिसली तर ढिलेपणा शोधा. दुप्पट वारंवारता शाफ्टच्या रेषेतल्या रीडिंगमध्ये मोठी असेल तर कपलिंगचं अलाइनमेंट तपासा.

तिसरी जागा ब्लेड पास वारंवारतेची: ब्लेडांची संख्या गुणिले फेऱ्या. बारा ब्लेडं असतील तर १९८ हर्ट्झ. प्रत्येक चांगल्या फॅनमध्येही इथं लहानसं शिखर असतंच. पहिल्या नोंदीच्या तुलनेत ते वाढलं असेल, तर ब्लेड वाकलंय, गॅस आत घेणारं शंकूच्या आकाराचं तोंड (इनलेट कोन) आणि इंपेलर यांच्यातली फट बिघडलीये किंवा डॅम्पर विचित्र स्थितीत आहे. सहा ब्लेडांच्या फॅनमध्ये ही वारंवारता ९९ हर्ट्झ येते, आणि मोटारच्या विद्युत दोषाचं शिखर १०० हर्ट्झवर असतं. ॲनालायझरचं रिझोल्यूशन कमी ठेवलं तर दोन्ही एकच वाटतात.

पायरी ४: ब्लेडवर आरोप करण्याआधी पाया तपासा

हे काम फॅन चालू असताना, फक्त मीटर घेऊन, पंधरा मिनिटांत होतं. बेअरिंग हाउसिंगच्या पायावर रीडिंग घ्या, मग बोल्टच्या दुसऱ्या बाजूला पेडेस्टलवर (बेअरिंगखालच्या आधारावर), मग बेसफ्रेमवर, मग काँक्रीटवर. रीडिंग टप्प्याटप्प्यानं उतरलं पाहिजे. एखाद्या सांध्यावर एकदम मोठा फरक दिसला तर तो सांधा ढिला आहे किंवा खाली ग्राउटिंग सुटलंय.

आडवं रीडिंग उभ्याच्या चौपट-पाचपट असेल तर अनुनादाची शंका घ्या. व्हीएफडी असेल तर खात्री करणं सोपं आहे. वेग ९९०वरून ८९०वर आणा. नुसता असमतोल असेल तर रीडिंग साधारण पाव भागानं उतरतं. तेवढ्याच बदलात ते निम्म्याच्याही खाली कोसळलं, तर पेडेस्टलची नैसर्गिक वारंवारता चालण्याच्या वेगाजवळ आली आहे आणि छोटासा असमतोल तिथं मोठा होऊन दिसतो आहे.

पायरी ५: फॅन उघडण्याआधी

ही पायरी कुणीही गाळू नये, कितीही घाई असली तरी. ब्रेकर ऑफ करून रॅक आउट करा (पॅनेलमधून मागे ओढून घ्या), त्याला कुलूप आणि टॅग लावा, परमिट घ्या. स्टॉप बटण दाबलं म्हणजे फॅन सुरक्षित झाला असं होत नाही. मोटार बंद असली तरी चिमणीच्या ओढीनं इंपेलर आपोआप फिरतो; डॅम्पर बंद करा आणि इंपेलरला लाकडी ठोकळ्यानं किंवा साखळीनं अडकवा. डक्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, तो नाकाला कळत नाही, त्यामुळे गॅस टेस्ट झाल्याशिवाय आत जायचं नाही. दिवा २४ व्होल्टचा. बाहेर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, त्याला दुसरं काम द्यायचं नाही.

पायरी ६: ब्लेडांचा नकाशा काढा

नवीन माणसाला सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आत गेल्यावर लगेच राख खरवडू नका. आधी फोटो काढा. शाफ्टच्या चावीच्या रेषेतलं ब्लेड १ नंबर धरा आणि फिरण्याच्या दिशेनं पुढचे नंबर खडूनं टाका. बॅकप्लेटवर एक कायमची पंच मार्क करून ठेवली तर पुढच्या वर्षीही तोच १ नंबर राहतो. वहीत वर्तुळ काढा आणि प्रत्येक ब्लेडसमोर लिहा: राख किती, कुठं, ओली की कोरडी, कुठं पत्रा चमकतोय, कुठं कड धारदार झालीये, कुठं लायनर नाही, कुठं जुनं बॅलन्सिंगचं वजन आहे.

मग राख साफ करा. प्रत्येक ब्लेडची राख वेगळी काढून वजन करता आली तर फारच उत्तम; चार नंबरच्या ब्लेडवर ३०० ग्रॅम आणि समोरच्या दहा नंबरवर काहीच नाही, असं निघालं तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं. गरम इंपेलरवर थंड पाणी मारू नका, वेल्डला भेगा पडायला ते पुरेसं असतं.

साफ झाल्यावर अल्ट्रासोनिक गेजनं पत्र्याची जाडी मोजा. प्रत्येक ब्लेडवर त्याच चार जागी: आतली कड, मध्य, बाहेरची कड आणि बॅकप्लेटजवळचा कोपरा. बारा ब्लेडांचे आकडे एका तक्त्यात मांडले की दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला लागतात. ब्लेडा-ब्लेडांमधला फरक हा व्हायब्रेशनचा विषय. मूळ जाडीपासूनची एकूण घट हा ताकदीचा विषय. दुसरी गोष्ट मीटरवर कधीच दिसत नाही, ती फक्त या तक्त्यात दिसते.

त्यानंतर भेगा. वेल्डच्या कडा वायर ब्रशनं उजळा आणि डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करा: लाल द्रव लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. लहान हातोडीनं प्रत्येक ब्लेडवर हलकेच टकटक करून आवाजही ऐका. अकरा ब्लेडं वाजतात आणि एक बद्द बोलतं, तर त्या ब्लेडची पुन्हा तपासणी करा. हातोडीची ही पद्धत डीपी टेस्टची जागा घेऊ शकत नाही, पण कुठं जास्त वेळ द्यायचा ते सांगते.

भेगेबद्दल इतकं का सांगतोय? भेग पडल्यानं ब्लेडचं वजन कमी होत नाही, म्हणून असमतोल होत नाही, म्हणून बेअरिंगवरचं रीडिंग बहुतेकदा हलत नाही. ते हलतं तेव्हा तुकडा निघून गेलेला असतो. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये वाफेच्या टर्बाइनच्या लो प्रेशर रोटरची, शेवटच्या टप्प्यातली दोन ब्लेडं धातूच्या थकव्यानं तुटली. त्यांनी शेजारची ब्लेडं कापली, रोटरचा तोल गेला आणि मशीन इतकं हादरलं की जनरेटरची हायड्रोजनची सील निकामी झाली आणि तेलाचे पाइप तुटले. आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास पूर्णपणे विजेविना राहिलं. अणुभट्टी सुरक्षित राहिली. ज्या व्हायब्रेशननं हे सगळं मोडलं ते ब्लेड तुटल्यानंतरचं होतं. साखर कारखान्यातही कोजनरेशनचं (वीजनिर्मितीचं) टर्बाइन असतं. त्याची ब्लेडं आपल्याला रोज बघता येत नाहीत, म्हणून ओव्हरहॉलच्या वेळी त्यांची तपासणी टाळू नये.

पायरी ७: आधी नुसती सफाई करून चालवून बघा

भेग नाही, लायनर जागेवर आहेत, जाडी पुरेशी आहे, फक्त राख होती, असं असेल तर फॅनचं दार बंद करून तो सुरू करा आणि रीडिंग घ्या. ते पहिल्या नोंदीजवळ आलं तर काम संपलं. राखेसकट बॅलन्सिंग केलं तर राख गळाल्यावर तुमचंच वजन असमतोल होऊन बसतं.

पायरी ८: दुरुस्ती करताना वजनाची जोडी ठेवा

चार नंबरच्या ब्लेडला पॅच मारायचा असेल तर समोरच्या दहा नंबरलाही तेवढ्याच वजनाचा मारा. पॅच, लायनर आणि हार्डफेसिंगसाठी (झीज रोखणाऱ्या कठीण थरासाठी) जाणारे इलेक्ट्रोड, सगळं तराजूवर तोलून वाटा. लायनरचा संच बदलायचा तर प्रत्येक पान तोलून, सारख्या वजनाची पानं समोरासमोर बसवा. एका ब्लेडवर सलग वेल्डिंग करत राहू नका, बॅकप्लेट तापून वाकते. समोरासमोरच्या ब्लेडांवर आलटून-पालटून थोडं थोडं करा.

वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प इंपेलरवरच, वेल्डच्या जवळ लावायचा. पेडेस्टलला किंवा केसिंगला लावला तर करंट शाफ्टमधून बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. मग काही दिवसांनी बेअरिंग ओरडायला लागतं आणि दोष ग्रीसवर जातो.

खूप वर्षांच्या इंपेलरवर जुन्या वजनांची रांगच लागलेली असते, काही तर समोरासमोर, एकमेकांना रद्द करणारी. मोठी दुरुस्ती होत असेल तर ती सगळी कापून टाका आणि नव्यानं सुरुवात करा.

पायरी ९: बॅलन्सिंग

फेज, म्हणजे हादऱ्याचा कोन, दाखवणारा ॲनालायझर असेल तर दोन रनमध्ये काम होतं. तो नसेल तर नुसत्या पेन मीटरवर, कागद आणि कंपासपेटी घेऊन चार रनमध्ये बॅलन्सिंग करता येतं. प्रत्येक नवीन माणसानं एकदा तरी ही पद्धत हातानं करून बघावी.

ट्रायल वजन, म्हणजे चाचणीपुरतं लावायचं वजन, किती? त्याचं बल रोटरच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. आपल्या १५०० किलोच्या रोटरला १ मीटर त्रिज्येवर १२५ ग्रॅम ठीक आहे.

पहिला रन वजनाशिवाय: समजा ६.० मिमी प्रति सेकंद. मग तेच वजन त्याच त्रिज्येवर १ नंबरच्या ब्लेडला लावा: ६.३ आलं. तिथून काढून ५ नंबरला: ४.२. तिथून काढून ९ नंबरला: ९.९. वेग आणि डॅम्पर चारही वेळा सारखे.

आता कागदावर ६ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यावर शून्य, १२० आणि २४० अंशांवर खुणा करा, म्हणजे ब्लेड १, ५ आणि ९. पहिल्या खुणेवर कंपासचं टोक ठेवून ६.३ सेंटिमीटरचा चाप मारा, दुसरीवरून ४.२चा, तिसरीवरून ९.९चा. तिन्ही चाप एकाच बिंदूजवळ छेदतात. वर्तुळाच्या मध्यापासून त्या बिंदूचं अंतर मोजा: साधारण ४ सेंटिमीटर. दिशा मोजा: साधारण ७५ अंश. दुरुस्तीचं वजन म्हणजे १२५ गुणिले ६ भागिले ४, जवळपास १८८ ग्रॅम, आणि जागा ७५ अंशांवर. पण ७५ अंशांवर ब्लेडच नाही. ३ नंबर ६० वर आहे आणि ४ नंबर ९० वर. अगदी मध्यावर पडत असल्यानं दोघांना प्रत्येकी ९७ ग्रॅम लावा. दोन्हींची बेरीज १८८ पेक्षा थोडी जास्त येते, कारण दोन्ही वजनं एकाच दिशेला ओढत नाहीत.

तीन चाप एकमेकांना जवळपाससुद्धा छेदत नसतील, तर गणित चुकलं असं समजण्याआधी पायरी ४ वर परत जा. ढिला पाया किंवा आत सरकणारी राख असेल तर प्रत्येक रनमध्ये मशीनच बदललेलं असतं.

ही एका प्रतलाची पद्धत. बेअरिंगबाहेर लटकलेल्या, अरुंद इंपेलरला ती सहसा पुरते. दोन्ही बाजूंनी गॅस घेणारा रुंद इंपेलर दोन बेअरिंगच्या मध्ये बसवलेला असेल, तर दोन प्रतलांत बॅलन्सिंग करावं लागतं. त्यासाठी फेज मोजणारं उपकरण आणि अनुभवी माणूस बोलवा.

दोन इशारे. मोठ्या मोटारला लागोपाठ कितीही वेळा सुरू करता येत नाही. थंड असताना दोन आणि गरम असताना एक स्टार्ट, अशी मर्यादा बऱ्याच मोटारींना असते. डायरेक्ट स्टार्टची मोटार असेल तर चार रनचा वेळ त्यानुसार धरा. दुसरं, वजन वेल्ड केल्यावर फॅन सुरू होताना इंपेलर ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. ट्रायल वजन सुटलं तर ते त्याच रेषेत बाहेर येतं. रीडिंग ट्रिपच्या हद्दीकडे जाताना दिसलं तर पूर्ण वेग येईपर्यंत वाट न बघता बंद करा आणि निम्म्या वजनानं पुन्हा सगळे रन करा.

पायरी १०: नोंद पुरी करा

अंतिम वजन पूर्ण वेल्ड करा, नुसते टाके मारून सोडू नका, आणि ते झिजणाऱ्या जागी लावू नका. फॅन गरम होऊन लोडवर आला की पायरी १ची सगळी रीडिंग पुन्हा घ्या. थंड फॅनवर ५ मिनिटांनी घेतलेलं रीडिंग शिफ्ट बुकात अंतिम म्हणून लिहू नका. ब्लेडांचा नकाशा, जाडीचा तक्ता, कापलेली आणि लावलेली वजनं, हे सगळं एकाच वहीत.

जाडीच्या तक्त्यातून पुढचा निर्णयही निघतो. मागच्या हंगामाची जाडी आणि या हंगामाची जाडी यांतला फरक म्हणजे एका हंगामाची झीज. उत्पादकानं दिलेल्या किमान जाडीपर्यंत किती पत्रा शिल्लक आहे ते बघा. तो एका हंगामाच्या झिजेपेक्षा कमी असेल, तर रीडिंग कितीही चांगलं असलं तरी हा इंपेलर पुढच्या हंगामात घालायचा नाही. नवीन इंपेलरची ऑर्डर हंगाम संपताच द्या, दसऱ्याच्या तोंडावर नाही. आलेला इंपेलर शेडमध्ये, झाकून ठेवा. शाफ्टवर बसवलेला रोटर असेल तर ठरावीक काळानं पाव फेरी फिरवत राहा, नाहीतर तो एकाच बाजूवर पडून शाफ्टला बाक येतो, आणि नव्या फॅनचा वन एक्स पहिल्याच दिवशी वर दिसतो.